अठ्ठावीस दिवसांचा महिना

राजापूर तालुक्यातील आमच्या गावी, एसटीच्या थांब्यासमोर, किराणा, झेरॉक्स, आंब्याच्या पेट्यांसाठी सुतळी-खिळे आणि मोबाईलचा रिचार्ज असा परस्परांशी सुतराम संबंध नसलेल्या जिनसांचा एकत्र संसार चालविणारे एक दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात, गाडीला उशीर झाल्यामुळे मी तेथील बाकावर टेकलो असता, एक वृद्ध बाई आल्या आणि पदराच्या गाठीतून दोनशेची नोट सोडवीत दुकानदाराला म्हणाल्या, ‘महिन्याचा मार रे.’ त्याने पडद्यावरील बोट न थांबविता उत्तर दिले, ‘काकी, महिन्याचा नाय, अठ्ठावीस दिवसांचा.’ बाईंनी परत मिळालेला रुपया गाठीत बांधला, बटणांचा छोटा फोन पिशवीत टाकला आणि त्या चालू लागल्या. या संवादात दोघांपैकी कोणासही काही चमत्कारिक वाटले नाही, हेच मला अधिक चमत्कारिक वाटले.

आपल्या पंचांगकर्त्यांनी चंद्राच्या गतीवर महिना बसविला तेव्हा तो साडेएकोणतीस दिवसांचा निघाला, आणि सूर्याच्या वर्षाशी त्याचा मेळ घालण्यासाठी त्यांना अडीच-पावणेतीन वर्षांनी एक अधिक मास घ्यावा लागला. दूरसंचार कंपन्यांनी फेब्रुवारी हाच प्रमाण महिना मानून जी कालगणना प्रचलित केली आहे तिच्यात अधिक मास दरवर्षी येतो, कारण तीनशे पासष्टास अठ्ठावीसाने भागले असता भाग तेराचा लागतो आणि वर एक दिवस उरतो. आपल्या अधिक मासात जावयाला अनारशांचे वाण देण्याची चाल आहे. या अधिक मासात जावई कोण हे निराळे सांगणे नको. म्हणजे बाईंनी भरलेले १९९ रुपये हा वस्तुतः महिन्याचा दर नव्हेच. तेरा वेळा भरले की वर्षाचे २,५८७ होतात, आणि त्यांना बाराने भागले की खरा मासिक दर २१५ रुपयांच्या वर जातो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जानेवारी २०२२ मध्ये आज्ञा काढून प्रत्येक कंपनीने निदान एक योजना तीस दिवसांची आणि एक दरमहा त्याच तारखेला नवी होणारी ठेवावी असे फर्माविले, कंपन्यांनी आज्ञेचा अक्षरशः मान राखून तशा योजना यादीच्या तळाशी नोंदविल्या, आणि दुकानदाराच्या तोंडी अठ्ठावीसच राहिले.

‘कोणती कंपनी स्वस्त?’ आणि ‘कोणाची रेंज चांगली?’ हे दोन प्रश्न आपण निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या माणसांना विचारतो. पहिला रिचार्जच्या दिवशी दुकानदाराला, दुसरा नव्या जागी बिऱ्हाड केल्यावर शेजाऱ्याला. वस्तुतः ही एकाच जमाखर्चाची दोन पाने आहेत. ग्राहकाकडून आलेला रुपया कोठे गेला, सरकारच्या तिजोरीत, सावकाराच्या व्याजात की डोंगरावरील टॉवरात, हे पाहिल्यावाचून त्या रुपयाला स्वस्त किंवा महाग म्हणण्यास आधार राहत नाही.

या जमाखर्चाचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या दिवशी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले. ती सेवा मोदी टेल्स्ट्रा या कंपनीची होती. मुंबईत त्या काळी दोनच सनदा होत्या, एक बीपीएलची आणि दुसरी मॅक्स टचची. मॅक्स टचचा क्रमांक ९८२० ने आणि बीपीएलचा ९८२१ ने सुरू होई, आणि जुन्या मुंबईकरास आजही आपल्या क्रमांकातील या चार आकड्यांचा सूक्ष्म अभिमान असतो. माझाही क्रमांक ९८२० चाच आहे. मी तो एकदाही बदलला नाही. तरी त्याची मालकी मॅक्स टच, ऑरेंज, हच, २००७ पासून व्होडाफोन आणि २०२० पासून व्ही, अशा पाच नावांखाली फिरली आहे. घर तेच आणि पाटी तेवढी बदलत जावी, असा हा प्रकार. मुंबईबाहेरील महाराष्ट्रात बिर्ला-एटी अँड टी आली, पुढे तीत टाटांची कंपनी मिळाली, आणि तिन्ही नावांची आद्याक्षरे जोडून धंद्यातील माणसे तिला ‘बटाटा’ म्हणू लागली. आयडिया हे सुसंस्कृत नाव तिला २००२ मध्ये मिळाले.

त्या पहिल्या वर्षांत एका मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात जाई, आणि येणाऱ्या फोनाचेही पैसे पडत. ज्याला आपल्याशी बोलायचे आहे त्याच्या बोलण्याचा खर्च आपण सोसावा, या विलक्षण न्यायामुळे घंटा वाजली की आनंदापेक्षा धास्ती अधिक वाटे. या महागाईचे कारण कंपन्यांच्या लोभाइतकेच सनदेच्या अटीत होते. प्रत्येक विभागाच्या परवान्यासाठी ठराविक वार्षिक शुल्काच्या ज्या बोल्या लागल्या होत्या त्या इतक्या अवाच्या सवा होत्या, की धंदा होवो न होवो, मक्त्याची रक्कम सरकारजमा करताना कंपन्यांचा श्वास कोंडू लागला. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने हा मक्ता मोडून उत्पन्नातील हिस्सा घेण्याची पद्धत आणली. शेतसाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर रोख खंड गेला आणि बटाई आली. या बटाईच्या व्याख्येतच वीस वर्षांनी स्फोट व्हावयाचा होता. पण त्या वेळी सर्वांस सुटल्यासारखे झाले.

यानंतरची स्वस्ताईची कहाणी सर्वश्रुत आहे. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉम बाजारात उतरली. मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले. २००६ मध्ये देशात कोठेही एका रुपयात एक मिनिट बोलण्याची योजना आली. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा हिशेब सुरू करून मिनिटाचे तुकडे केले. एका वेळी एकेका विभागात डझनभर कंपन्या नांदत होत्या. मग २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले आणि गर्दी ओसरू लागली. जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची, लोकांच्या भाषेत ‘पोर्ट’ करण्याची, सोय देशभर मिळाली. परंतु जायचे तर कोणाकडे, हा प्रश्न तेव्हापासून दर वर्षी अधिकाधिक अरुंद होत गेला.

५ सप्टेंबर २०१६ या दिवसाने या धंद्याचे दोन तुकडे केले. त्या दिवशी जिओने ४जी सेवा सुरू केली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत ती फुकट दिली. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०१४ मध्ये एक जीबी डेटाचा दर सुमारे २६९ रुपये होता. आज तो दहा रुपयांच्या आसपास आहे. या घसरणीला क्रांती म्हणण्याची चाल आहे आणि ती अगदीच गैर नाही, कारण रत्नागिरीच्या खोतापासून बांद्र्याच्या रिक्षावाल्यापर्यंत सर्वांनी तिचा उपभोग घेतला. तथापि तिची किंमत कोणी मोजली, याचा हिशेब क्रांतीच्या वर्णनात येत नाही. एअरसेलने दिवाळे काढले. अनिल अंबानींच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाईलचे दुकान बंद केले. टेलिनॉर आणि टाटांचा ग्राहकवर्ग एअरटेलकडे गेला. व्होडाफोन आणि आयडिया या कालपर्यंतच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये, बुडताना एकमेकांना धरावे तसे, एकमेकांना धरले. ज्यांचे उत्पन्न आटले त्यांनी प्रथम जेथे हात आखडला ते जाळे होते. त्यामुळे २०१६ ते २०१९ या काळात आपण जी स्वस्ताई भोगली तिचा एक मोठा भाग न उभारलेल्या टॉवरांकडून उसना घेतलेला होता, असे माझे मत आहे.

याच सुमारास, २४ ऑक्टोबर २०१९ रोजी, बटाईच्या व्याख्येचा निकाल लागला. कंपन्यांचे म्हणणे असे की सरकारचा हिस्सा दूरसंचार सेवेच्या उत्पन्नातूनच काढावा. सरकारचे म्हणणे असे की व्याज, लाभांश, भाडे हे सारे उत्पन्नच होय. दीड दशकाहून अधिक काळ चाललेल्या या कज्ज्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू ग्राह्य धरली. ‘समायोजित सकल महसूल’, संक्षेपाने एजीआर, हा रुक्ष शब्द एका रात्रीत मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. सरकारी हिशेबाने व्होडाफोन-आयडियाची थकबाकी ५८,२५४ कोटी आणि एअरटेलची ४३,९८० कोटी रुपये निघाली, आणि तीत मुद्दलापेक्षा व्याज, दंड व दंडावरील व्याज यांचाच भार अधिक होता. जिओ नवी असल्यामुळे तिच्या नावावर जुनी बाकी जवळजवळ नव्हती. एकाच शर्यतीत एक धावणारा मोकळा, एक खांद्यावर ओझे घेतलेला आणि एक पायात बेडी पडलेला, अशी तिघांची स्थिती झाली. आजच्या तुलनेचे अर्धे उत्तर या स्थितीतच आहे.

व्होडाफोन-आयडियाचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. विलीनीकरणाच्या वेळी चाळीस कोटींहून अधिक ग्राहक असलेली ही कंपनी मार्च २०२५ पर्यंत वीस कोटींच्या खाली आली. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारने थकबाकीस चार वर्षांची मुदत दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटींच्या आणि एप्रिल २०२५ मध्ये ३६,९५० कोटींच्या देण्याचे रूपांतर समभागांत झाले, आणि सरकार ४८.९९ टक्क्यांचे भागीदार बनले. सावकाराने दुकानात बसावे, असा हा देखावा. त्यातही सरकार बीएसएनएलचे धनी, ध्वनिलहरींचे विक्रेते, कर घेणारे आणि कायदा करणारेही आहे. इतक्या टोप्या एका डोक्यावर कशा राहतात, हा प्रश्न मी येथे नुसता विचारून ठेवतो.

आता गुंतवणुकीकडे वळू. या विषयावरील लिखाणात जो गोंधळ सर्वाधिक आढळतो तो असा की, कंपनीने लिलावात भरलेली रक्कम हीच जाळ्यातील गुंतवणूक समजली जाते. वर्तमानपत्रे ज्यांना ध्वनिलहरी म्हणतात (ध्वनीशी त्यांचे काहीही नाते नाही, त्या विद्युतचुंबकीय लहरी आहेत, पण रूढ झालेल्या शब्दाशी भांडण्यात अर्थ नाही) त्या लहरींचा वीस वर्षांचा इजारा कंपनी सरकारकडून घेते. हा पैसा सरकारी तिजोरीत जातो, त्याने एक खांबही उभा राहत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये संपलेल्या ५जीच्या लिलावात एकूण १,५०,१७३ कोटींची बोली लागली. तीत जिओचे ८८,०७८ कोटी, एअरटेलचे ४३,०८४ कोटी आणि व्होडाफोन-आयडियाचे १८,७९९ कोटी होते. हे आकडे वाचून जिओची गुंतवणूक एअरटेलच्या दुप्पट असे अनुमान काढणे म्हणजे शेतजमिनीच्या खरेदीखतावरून पीक मोजणे होय. शिवाय ही रक्कम वीस वार्षिक हप्त्यांनी फेडण्याची सवलत होती, म्हणून आज भरलेला आणि उद्या भरावयाचा असे दोन आकडे निराळे वाचले पाहिजेत.

तरीही लहरींची निवड कंपनीचा स्वभाव सांगते. लहर जितकी खालच्या कंप्रतेची तितकी ती दूर जाते आणि भिंती भेदते. जितकी वरच्या कंप्रतेची तितका तिच्यातून अधिक डेटा वाहतो, पण ती लवकर दमते. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१६ आणि २०२१ च्या लिलावांत भाव न पटल्यामुळे कोणीच घेतला नव्हता. २०२२ मध्ये एकट्या जिओने तो देशातील सर्व बावीस विभागांत घेतला आणि त्यासाठी एकूण बोलीपैकी सुमारे ३९,२७० कोटी खर्चिले, आणि त्याच्या आधारावर ४जीवर न विसंबणारे स्वतंत्र ५जी जाळे उभारले. एअरटेलने तो पट्टा घेतला नाही. हातातील ९०० मेगाहर्ट्झचा साठा पुरेल आणि ५जी सध्या ४जीच्या खांद्यावर उभे केले तरी चालेल, असा तिचा हिशेब होता, आणि त्यात यंत्रसामग्रीचा खर्च कमी पडतो. दोन्ही हिशेबांत तथ्य आहे. पहिल्यात भांडवल मोठे आणि फळ दूरचे. दुसऱ्यात पैसा जपून आणि ग्राहक निवडून. व्होडाफोन-आयडियाने २०२४ मध्ये बाजारातून १८,००० कोटी उभे केले, नोकिया, एरिक्सन आणि सॅमसंग यांच्याशी सुमारे ३०,००० कोटींचा करार केला आणि मार्च २०२५ मध्ये मुंबईपासून ५जीचा आरंभ केला. म्हणजे इतरांहून अडीच वर्षे मागे.

याचे प्रतिबिंब वसुलीत पडते. मार्च २०२५ च्या तिमाहीत दर ग्राहकामागे दरमहा सरासरी उत्पन्न, ज्याला धंद्यात ‘आरपू’ म्हणतात, एअरटेलचे २४५ रुपये, जिओचे २०६ आणि व्होडाफोन-आयडियाचे १७५ होते. या आकड्यांवरून एअरटेल सर्वांत महाग असे म्हणणे अर्धसत्य ठरेल, कारण आरपू हा दर नव्हे, ती ग्राहकवर्गाची छाप आहे. पोस्टपेडचे सुस्थित ग्राहक अधिक असले की तो चढतो, बटणांच्या फोनवाले अधिक असले की उतरतो, आणि कोणी त्यात घरगुती इंटरनेटही धरते तर कोणी धरत नाही. दरपत्रके शेजारी ठेवून पाहिली तर फरक नावाला आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही कंपन्यांनी जवळजवळ एकाच वेळी दर वाढविले, आणि त्यानंतर सर्वांत खालची अठ्ठावीस दिवसांची योजना एअरटेल व व्होडाफोन-आयडियाची १९९ ची, जिओची १८९ ची झाली. रोज दीड जीबीची योजना जिओची २९९ ची, इतर दोघांची ३४९ ची. वाढ करण्याचा क्रम, तिचे प्रमाण आणि तिचे समर्थन यांत तिघांचे इतके ऐकमत्य दिसते, की स्पर्धा हा शब्द वापरताना लेखणी अडखळते.

शिवाय, १८९ आणि १९९ यांची तुलना त्या बाईंच्या बाबतीत निरर्थकच होती. त्यांचा फोन जुन्या २जी धाटणीचा, आणि जिओकडे २जी जाळेच नाही. दहा रुपये वाचवावयाचे तर आधी नवा फोन घ्यावा लागेल. जिओने बटणांचा ४जी फोन ९९९ रुपयांना आणि त्यावर १२३ रुपयांची योजना २०२३ मध्ये आणली ती याच वर्गासाठी. म्हणजे सर्वांत कमी पैसे असलेल्या ग्राहकापुढे सर्वांत कमी पर्याय असतात. शहरातील माणूस एका हाताने पोर्ट करतो, १९०० वर एसएमएस पाठवितो आणि सहा-साडेसहा रुपयांच्या शुल्कात कंपनी बदलतो. त्या बाईंनी कोठे पोर्ट करावे?

बीएसएनएलकडे, असे उत्तर कोणी देईल. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर नेमके तेच झाले. एकट्या जुलैत बीएसएनएलला सुमारे २९ लाख नवे ग्राहक मिळाले, आणि ऑक्टोबरपर्यंत ओघ चालू राहिला. नोव्हेंबरपासून मात्र तो उलटला. कारण सरळ आहे: दर कमी होते, पण ४जी बहुतेक ठिकाणी पोहोचलेलेच नव्हते, आणि डेटाची चटक लागलेला ग्राहक स्वस्त शांततेत फार दिवस राहत नाही. दर आणि जाळे यांचा संबंध तोडता येत नाही, याचे याहून स्वच्छ प्रात्यक्षिक मला दुसरे आठवत नाही. बीएसएनएलला २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये लक्षावधी कोटींच्या पुनरुज्जीवन योजना मिळाल्या. परदेशी सामग्री न घेता सी-डॉट, तेजस आणि टीसीएस यांच्या स्वदेशी यंत्रणेवर ४जी उभारण्याचा निर्णय झाला आणि त्या निर्णयाचे मोल विलंबाने चुकविले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये सुमारे ९७,५०० टॉवरांवरील हे जाळे राष्ट्रास अर्पण झाले, तोपर्यंत जिओ आणि एअरटेल ५जीवर तीन वर्षे घालवून बसल्या होत्या. स्वदेशीचा आग्रह मला चुकीचा वाटत नाही. त्याचा खर्च वेळेच्या रूपाने गावांकडून वसूल झाला, एवढेच नमूद करतो.

आता आमच्या गावच्या टॉवराविषयी. तो वाडीच्या वरच्या सड्यावर आहे, आणि त्याच्यावर दोन कंपन्यांच्या अँटेना आहेत. टॉवर कंपनीचा असतो ही समजूत जुनी झाली. एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांनी २००७ मध्ये मिळून इंडस टॉवर्स काढली, जिओनेही आपले टॉवर २०२० मध्ये ब्रुकफिल्डच्या गटाला सुमारे २५,२१५ कोटींना दिले. म्हणजे खांब एकाचा, लहर दुसऱ्याची, यंत्र तिसऱ्याचे आणि वीज चौथ्याची. आमच्याकडे पावसात वीज गेली की बॅटरी तीन-चार तास तग धरते, त्यानंतर सड्यावरचा तांबडा दिवा विझतो आणि दोन्ही कंपन्यांची रेंज एकदम जाते, कारण खांब एकच. तक्रार नोंदविली तर फोनवरचा मुलगा विचारतो, ‘सर, आपण घराबाहेर येऊन पाहिलंत का?’ पाहिलेले असते. आमचे घर जांभ्याच्या दोन फुटी भिंतींचे. माजघरात लहर शिरतच नाही, पडवीत निम्मी, आणि पूर्ण हवी असल्यास विहिरीपलीकडच्या गडग्यावर चढावे लागते. गणपतीला चाकरमानी आले की त्या गडग्यावर संध्याकाळी रांग लागते.

याहून फसवी गोष्ट फोनच्या कोपऱ्यातील काड्यांची. चारही काड्या भरलेल्या असाव्यात आणि व्हिडिओ मात्र गोल-गोल फिरत राहावा, हा अनुभव गावोगाव आहे, आणि त्याचे कारण टॉवरावर नसून टॉवरामागे आहे. खांबापासून पुढे मुख्य जाळ्यापर्यंत जो मार्ग जातो तो फायबरचा असेल तर रुंद, सूक्ष्मलहरींचा असेल तर अरुंद. चारपदरी रस्ता साकवावर येऊन थांबावा तसा सारा डेटा तेथे खोळंबतो. कोणत्या कंपनीने किती टॉवर फायबरने जोडले, हा प्रश्न किती टॉवर उभारले याहून महत्त्वाचा आहे, आणि जाहिरातीत तो कधीच येत नाही.

म्हणूनच देशव्यापी सरासरीवरून कंपनी निवडणे मला फोल वाटते. परवानेच मुळी विभागवार आहेत: मुंबईचा विभाग निराळा, त्यात नवी मुंबई आणि कल्याणही येतात, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरा. दोन्हींत प्रत्येक कंपनीच्या लहरी निराळ्या, टॉवर निराळे. दादरला जी कंपनी नाव ठेवण्यास जागा देत नाही तीच खारेपाटणच्या घाटीत मुकी होते. ट्रायच्या २०२४ च्या गुणवत्ता नियमांनी कंपन्यांना आपापल्या जाळ्याचा नकाशा संकेतस्थळावर ठेवण्यास भाग पाडले, ही या दशकातील ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त गोष्ट मी मानतो, जरी नकाशावर हिरवे दिसणारे माझे माजघर प्रत्यक्षात कोरडेच आहे. याआधी २०१५ मध्ये ट्रायने तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे एक रुपया, दिवसाला कमाल तीन रुपये, भरपाई देण्याचा नियम केला होता. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. त्या तीन रुपयांत ग्राहक श्रीमंत झाला नसता, पण कंपनीच्या वहीत न उभारलेल्या टॉवराला एक खाते तरी उघडले असते.

ट्रायची आणखी एक आज्ञा उल्लेखनीय आहे. ज्यांना डेटा नकोच त्यांच्यासाठी निव्वळ बोलण्याच्या व एसएमएसच्या योजना ठेवाव्यात, असे डिसेंबर २०२४ मध्ये ठरले, आणि पुढील महिन्यात त्या आल्या: एअरटेलची ४६९ रुपयांत ८४ दिवसांची, जिओची ४४८ रुपयांत तेवढ्याच मुदतीची. अठ्ठावीस दिवसांच्या हिशेबाने पाहिले तर एअरटेलचा दर १५६ रुपयांवर येतो, म्हणजे त्या बाईंचे दर खेपेस चाळीसांहून अधिक रुपये वाचतात. कागदावर ही मोठी सोय आहे. मी दुकानदाराला विचारले की तो ही योजना का सांगत नाही. त्याने मान वर केली आणि म्हणाला, ‘सांगतो ना. पण एकदम पावणेपाचशे कोण काढणार? दोनशे निघतात.’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. दरपत्रक करणाऱ्यांस मुदत आणि रक्कम ही एका समीकरणाची दोन अंगे वाटतात. पदराच्या गाठीला रक्कम तेवढी ठाऊक असते.

गाडी अजून आली नव्हती. दुकानदाराने भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या बाईंच्या पुढच्या रिचार्जच्या तारखेभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले. तशी वर्तुळे त्या पानावर वीस-पंचवीस होती, प्रत्येकाशेजारी नावाचे एकेक अक्षर. मी मागचे पान उलटून पाहिले: तीच अक्षरे तेथेही होती, फक्त दोन-तीन तारखा पुढे.